जांभळं पिवळं झालं, आता बुरशीचं काय?

‘अमुक वनस्पतीच्या पानांच्या मिथेनॉल अर्काचे अँटिऑक्सिडंट आणि अँटिफंगल गुणधर्म.’ अमुकच्या जागी कुठलंही झाड घाला, पानांऐवजी साल, मूळ, बी काहीही घाला, पेपर तयार. मी स्वतः याच कामात असते त्यामुळे हे हसत हसत लिहितेय, टोमणा म्हणून नाही, म्हणजे थोडासा आहेच, पण तो स्वतःलापण आहे. गेले काही दिवस असे पेपर एकामागून एक वाचायची वेळ आली आणि डोक्यात एकच प्रश्न घोळत राहिला की हे दोन गुणधर्म नेहमी जोडीनेच का येतात? त्यांचं एकमेकांशी नातं काय? की नुसताच बादरायण संबंध?

खरं कारण फार साधं आहे. दोन्ही टेस्ट स्वस्त आहेत, मोठं मशीन लागत नाही, प्राणी लागत नाहीत, एथिक्स कमिटीची परवानगी लागत नाही आणि एकदा अर्क काढला की त्याच बाटलीतून दोन्ही उरकतात. म्हणून जोडी. पण मग पेपरच्या शेवटी लिहिलं जातं की ‘या वनस्पतीत उत्तम अँटिऑक्सिडंट असल्यामुळे ती बुरशीविरुद्धही परिणामकारक आहे’, आणि तिथे मला थांबावंसं वाटतं. कारण बऱ्याचदा ही दोन कामं चक्क उलट्या दिशेची असतात, आणि वरून टेस्ट करताना एकमेकांच्या कामात लुडबुडपण करतात. तेच सगळं आज लिहायचंय, लांबेल थोडं.

आधी अँटिऑक्सिडंटचं, म्हणजे रेडिकल्स नावाच्या उपद्रवी रेणूंना थोपवणाऱ्या पदार्थांचं, घेऊ कारण ते सोपं आहे. निदान दिसतं तरी सोपं. सगळ्यात जास्त वापरली जाणारी टेस्ट म्हणजे डीपीपीएच. हा एक रेडिकल आहे, म्हणजे त्याच्याकडे जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन असतो, पण बाकीच्या रेडिकल्ससारखा हा क्षणात संपत नाही, पावडर होऊन बाटलीत निवांत बसतो. १९२२ मध्ये तो पहिल्यांदा बनवला गेला आणि १९५८ मध्ये ब्लॉइस यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटासा पेपर लिहून दाखवलं की अँटिऑक्सिडंट मोजायला हा वापरता येईल. त्याचं मिथेनॉलमधलं द्रावण गडद जांभळं असतं, आणि समोरच्याने त्याला एक हायड्रोजन दिला की रंग जाऊन पिवळं होतं. बस एवढंच. ९६ वेल्सच्या, म्हणजे छोट्या खड्ड्यांच्या, प्लेटमध्ये एका बाजूला दाट अर्क, दुसरीकडे जात जात पातळ, असं भरून वर हे जांभळं द्रावण सोडलं की दाट बाजूचे वेल्स हातात प्लेट असतानाच फिकट पडायला लागतात, आधी मळकट गुलाबी, मग गवती पिवळे, आणि पातळ बाजूला जांभळा रंग तसाच राहतो. मग अर्धा तास अंधारात ठेवून ५१७ नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. दिसायला इतकं छान दिसतं की नवीन पोरं फोटो काढल्याशिवाय राहत नाहीत, आणि मीपण काढतेच, खोटं कशाला बोलू.

यातून आयसी५० निघतो, म्हणजे अर्धा रंग घालवायला किती अर्क लागला तो आकडा. तो जितका कमी तितका अर्क भारी असं मानायचं. आता गंमत अशी की हा आकडा डीपीपीएच तुम्ही किती घेतलं यावरपण अवलंबून असतो, जास्त घेतलं तर अर्धं घालवायला जास्त अर्क लागणारच ना. म्हणून एका लॅबचा आयसी५० उचलून दुसऱ्या लॅबच्या आयसी५०शेजारी ठेवण्यात फारसा अर्थ नसतो. त्याच दिवशी, त्याच प्लेटवर ॲस्कॉर्बिक ॲसिड (व्हिटॅमिन सी) किंवा ट्रोलॉक्ससारखं ओळखीचं अँटिऑक्सिडंट लावलेलं असेल तर त्याच्याशी तुलना करा, ते चालेल. आणि पानांचा अर्क स्वतःच हिरवागार असतो, त्याचा रंग वजा करायला डीपीपीएच न टाकलेला नुसत्या अर्काचा वेल, म्हणजे ब्लँक, हवाच हवा. कितीतरी पेपरमध्ये त्याचा उल्लेखही सापडत नाही.

अर्कातले एकूण फिनॉल (वनस्पतींमधली अँटिऑक्सिडंट म्हणून गाजलेली द्रव्यं) मोजायला जे फोलिन-सिओकाल्ट्यू रिएजंट वापरतात त्याचंही तसंच. १९२७ पासूनचं रिएजंट, निळा रंग, ७६५ नॅनोमीटर, आणि रिझल्ट ‘गॅलिक ॲसिड इक्विव्हॅलंट’ मध्ये. पण ते फक्त फिनॉल मोजत नाही, समोर जे काही इलेक्ट्रॉन द्यायला तयार असेल त्याला ते मोजतं. ॲस्कॉर्बिक ॲसिड मोजतं, काही साखरा मोजतं, आणि प्रोटीन मोजायच्या लाउरी पद्धतीतसुद्धा हेच रिएजंट असतं! त्यामुळे कच्च्या अर्कात ‘फिनॉल एवढे एवढे’ हा आकडा वाचताना मनात ‘फिनॉल आणि त्यांचे पाहुणे’ असं वाचायचं.

बरं, हे सगळं नीट केलं तरी पुढचा प्रश्न उरतोच. शरीरात डीपीपीएच नसतो. शरीरात जे रेडिकल्स असतात, उदाहरणार्थ हायड्रॉक्सिल, ते नॅनोसेकंदात समोर येईल त्याला चावून मोकळे होतात, तिथे पोचून त्यांना पकडायचं तर पकडणारा पदार्थ तिथल्या तिथे प्रचंड प्रमाणात हजर पाहिजे. वनस्पतींमधले पॉलिफिनॉल पोटातून फार कमी शोषले जातात, आणि जे शोषले जातात त्यांना आतडी आणि लिव्हर लगेच दुसरी शेपूट जोडून बदलून टाकतात. बाटलीत जो रेणू हिरो होता तो रक्तात त्या रूपात जेमतेम सापडतो. म्हणून जांभळं पिवळं झालं यावरून ‘वृद्धत्व रोखते, कॅन्सर टाळते’ म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

आणि हे नुसतं तर्कटही नाही, माणसांवर करून बघितलंय. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी ट्रायल झाली, त्यात काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं. १९९४ मध्ये रिझल्ट आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. कमी नाही, जास्त. अमेरिकेत केअरेट नावाची तशीच ट्रायल सुरू होती, १८,३१४ लोकांची, तिथेही बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए घेणाऱ्यांत हा कॅन्सर २८ टक्के जास्त दिसला आणि १९९६ मध्ये ट्रायल वेळेआधीच थांबवली. आता हे शुद्ध पदार्थ होते, मोठ्या डोसमध्ये, तेही सिगारेट ओढणाऱ्यांत किंवा तसाच धोका असलेल्या लोकांत, त्यामुळे प्रत्येक अर्काला हेच लागू करणं चूक ठरेल. पण ‘अँटिऑक्सिडंट म्हणजे जितकं जास्त तितकं चांगलं’ हे समीकरण तेव्हाच मोडीत निघालंय. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांचे ओरॅक आकडे (टेस्ट ट्यूबमध्ये मोजलेली अँटिऑक्सिडंट ताकद) देणारा आपला डेटाबेस २०१२ मध्ये वेबसाइटवरून काढूनच टाकला, कारण त्या आकड्यांचा आरोग्याशी संबंध दाखवता येत नव्हता आणि जाहिरातवाले ते आकडे मिरवत होते. तरी पाकिटांवर ‘हाय इन अँटिऑक्सिडंट’ अजून छापलं जातंच.

आता बुरशी. माझा खरा जीव इथे आहे त्यामुळे इथे जरा रमणार.

बुरशीला मारणं अवघड का असतं, तर ती आपली नातेवाईक आहे. बॅक्टेरिया आपल्यापासून इतके वेगळे आहेत की त्यांच्यात वार करायला जागा भरपूर, पण बुरशीची पेशी आपल्यासारखीच, केंद्रक असलेली, आतली बहुतेक यंत्रणा सारखीच. फरक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल, तिच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. तिला बाहेरून ग्लुकन आणि कायटिनची भिंत, आपल्याला भिंतच नाही. म्हणून औषधांचे गट मोजकेच आहेत, आणि अँफोटेरिसिन बीसारखं जालीम औषध एर्गोस्टेरॉलला धरतं पण कोलेस्टेरॉललाही थोडंफार धरतंच, त्यामुळे किडनीवर ताण येतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

आणि गरज तर आहे. कँडिडा ऑरिस ही बुरशी २००९ मध्ये जपानमध्ये एका पेशंटच्या कानातून पहिल्यांदा नोंदली गेली आणि आता ती जगभरच्या हॉस्पिटलांत पोचलीये, तिचे बरेच स्ट्रेन फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या बुरशीविरोधी औषधाला दाद देत नाहीत. २०२२ मध्ये डब्ल्यूएचओने पहिल्यांदाच धोकादायक बुरशींची यादी काढली, १९ नावं, त्यात सगळ्यात वरच्या गटात चार: क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कँडिडा ऑरिस, ॲस्परजिलस फ्युमिगेटस आणि कँडिडा अल्बिकन्स. तेव्हा वनस्पतींकडे वळणं यात चूक काहीच नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची. निस्टॅटिन (१९५०, एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन) आणि अँफोटेरिसिन मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या बॅक्टेरियामधून आलेत, ग्रिसिओफल्विन पेनिसिलियम या बुरशीमधून, कॅस्पोफंजिनचं मूळसुद्धा एका बुरशीतच, आणि ॲझोल (फ्लुकोनॅझोलचा गट) तर माणसाने लॅबमध्ये बनवलेले. पोटातून किंवा शिरेतून द्यायच्या या नेहमीच्या औषधांमध्ये झाडातून आलेलं एकही नाही. हजारो अर्क तपासून झाल्यावरही.

का नाही याचं एक उत्तर टेस्टमध्येच दडलंय. सगळ्यांची आवडती टेस्ट म्हणजे अगार वेल डिफ्यूजन, अगारच्या (जेलीसारख्या माध्यमाच्या) प्लेटवर बुरशी पसरायची, अगारला भोक पाडून त्यात अर्क भरायचा आणि दुसऱ्या दिवशी भोवती किती मोकळी जागा पडली ते पट्टीने मोजायचं. पेपरमध्ये येतं ‘२२ मिलिमीटर झोन, फ्लुकोनॅझोलच्या बरोबरीचा’. आता हिशोब करा. मिलीला १०० मिलिग्रॅम असा अर्क, त्यातले १०० मायक्रोलिटर वेलमध्ये घातले म्हणजे १० मिलिग्रॅम गेला. फ्लुकोनॅझोलची स्टँडर्ड डिस्क असते २५ मायक्रोग्रॅमची. म्हणजे चारशे पट माल ओतून बरोबरी केली! शिवाय झोन हा फक्त ताकदीवर ठरत नाही, पदार्थ अगारमधून किती सरकतो यावरही ठरतो. मोठे किंवा तेलकट रेणू जागचे हलत नाहीत, झोन छोटा येतो आणि चांगला अर्क नापास होतो. सुगंधी तेलं तर उडून झाकणाखाली पसरतात आणि लांबची बुरशीपण दाबतात. म्हणून दोन वेगवेगळ्या झाडांचे झोन शेजारी ठेवून ‘हे जास्त प्रभावी’ म्हणणं मला कधी पटलेलं नाही.

खरं बघायचं ते एमआयसी, म्हणजे बुरशीची वाढ थांबवायला कमीत कमी किती दाट द्रावण लागतं तो आकडा. द्रव माध्यमात अर्क निम्मा निम्मा पातळ करत जायचा, प्रत्येक वेलमध्ये मिलीला साधारण हजार-दोन हजार यीस्ट पेशी घालायच्या, ३५ अंशाला २४ तास ठेवायचं आणि कुठल्या वेलपर्यंत वाढ थांबली ते बघायचं. कँडिडा अल्बिकन्सचा फ्लुकोनॅझोलसाठी एमआयसी २ मायक्रोग्रॅम पर मिली किंवा त्याखाली असेल तर तो स्ट्रेन औषधाला वश आहे असं धरतात. कच्च्या अर्काकडून तेवढी अपेक्षा नाही कारण त्यात शेकडो पदार्थ असतात आणि कामाचा एखादाच, पण १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आला तर माझे कान टवकारतात, आणि १ मिलिग्रॅमच्याही वर गेला तर मग सोडून द्यावं. पेपरमध्ये ‘एमआयसी १२.५ मिलिग्रॅम पर मिली, लक्षणीय क्रिया’ असं वाचलं की हसू येतं, तेवढ्या दाट द्रावणात साखरेचा पाकसुद्धा लक्षणीय क्रिया दाखवायला लागेल.

आता ती लुडबुड. एमआयसी डोळ्यांनी बघायचा तर वेल गढूळ झाला की नाही हे दिसायला हवं, आणि पानांचा अर्क मुळातच गढूळ, हिरवा-तपकिरी, माध्यमात पडल्यावर थोडा साका धरणारा. काही कळत नाही. मग यावर उपाय म्हणून लोक रेझाझुरिन टाकतात, निळा डाय, जिवंत पेशींनी त्याला रिड्यूस केलं की गुलाबी होतो. निळा म्हणजे बुरशी मेली, गुलाबी म्हणजे जिवंत. छान. पण रिड्यूस करणं म्हणजे काय, तर इलेक्ट्रॉन देणं, आणि तुमचा अर्क नेमका त्याच कामात पटाईत आहे असं तुम्ही मागच्या टेबलमध्ये डीपीपीएचने सिद्ध केलंय ना! जोरदार अँटिऑक्सिडंट अर्क बुरशी नसतानाही रेझाझुरिनला गुलाबी करू शकतो. एमटीटी या दुसऱ्या डायचंही तेच, पेशी नसलेल्या वेलमध्ये जांभळा रंग येतो. म्हणजे बुरशी मेलेली असते आणि रंग सांगतो जिवंत आहे. असा अर्क ‘अँटिऑक्सिडंट उत्तम, अँटिफंगल नाही’ म्हणून कपाटात जातो.

यावर तोड सोपी आहे, अर्क आणि डाय आहे पण बुरशी नाही असे वेल्स प्रत्येक डिल्यूशनला लावायचे. एक जादा रांग. आणि शंका आली की वेलमधलं थोडं उचलून ताज्या अगारवर ठिपका द्यायचा, वाढली तर वाढली, नाही तर नाही, अगार खोटं बोलत नाही. अर्क विरघळवायला वापरलेल्या डीएमएसओचाही वेगळा कंट्रोल पाहिजे, तो शेवटच्या द्रावणात १ टक्क्याच्या वर जाऊ नये. आणि मिथेनॉल पूर्ण उडालंय ना ते बघायचं, नाहीतर बुरशी मिथेनॉलने मरते आणि श्रेय झाडाला जातं.

उलट्या दिशेचं म्हटलं होतं, ते आता. लसणाचं उदाहरण घ्या. लसूण ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून सगळ्या याद्यांमध्ये असतो. त्याचा बुरशीवर चालणारा मुख्य रेणू म्हणजे ॲलिसिन, १९४४ मध्ये कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी वेगळा काढलेला. हा ॲलिसिन बुरशीला कसा मारतो? पेशीतल्या थायॉल (गंधकवाल्या) गटांवर तुटून पडून, ग्लुटाथायोनचा साठा संपवून. ग्लुटाथायोन म्हणजे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट. थोडक्यात ॲलिसिन तिथे ऑक्सिडंट म्हणून वागतो. आणि माध्यमात सिस्टीन टाकलं, जे चांगलं रिड्यूसिंग द्रव्य आहे, की ॲलिसिनचा दम जातो. म्हणजे अँटिऑक्सिडंट घातला तर बुरशी वाचते! चित्रकाच्या मुळातला प्लंबॅजिन पण याच वाटेने जातो, पेशीत शिरून रेडिकल्सची साखळी सुरू करतो. अँफोटेरिसिनखाली मरणाऱ्या बुरशीतसुद्धा रेडिकल्स वाढलेले दिसतात.

आपलं शरीरही हेच करतं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बुरशीवर मुद्दाम रेडिकल्सचा मारा करतात. ज्यांच्यात जन्मजात ही यंत्रणा काम करत नाही, त्या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात, त्यांना ॲस्परजिलसचं इन्फेक्शन जिवावर बेतणारं होतं. आणि ॲस्परजिलस फ्युमिगेटस काय करतो, तर आपल्या बीजाणूंवर मेलॅनिनचा लेप चढवून ठेवतो, ते रेडिकल्स शोषून घेतं. म्हणजे या लढाईत अँटिऑक्सिडंट बुरशीने वापरलाय. हे कळल्यापासून ‘अँटिऑक्सिडंट असल्यामुळे बुरशीविरुद्ध परिणामकारक’ हे वाक्य मी तरी लिहू शकत नाही.

मग दोन्ही करणारे रेणू नसतातच का? असतात की. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल. दोघंही छोटे, तेलात विरघळणारे फिनॉल. फिनॉलचा हायड्रॉक्सिल गट डीपीपीएचला हायड्रोजन देतो म्हणून अँटिऑक्सिडंट, आणि रेणू तेलकट असल्यामुळे बुरशीच्या पेशीआवरणात घुसून ते गळकं करतो म्हणून अँटिफंगल. एकाच रेणूच्या दोन सवयी, एकीमुळे दुसरी नव्हे. पटत नसेल तर गॅलिक ॲसिड बघा, डीपीपीएचमध्ये जबरदस्त, पण पाण्यात रमणारं, त्यामुळे कँडिडाच्या आवरणात युजेनॉलसारखं ते घुसत नाही. दारुहळदीतलं बर्बेरिन उलट, डीपीपीएचमध्ये यथातथा, आणि बुरशीवर बऱ्यापैकी, शिवाय फ्लुकोनॅझोलला न जुमानणाऱ्या कँडिडावर फ्लुकोनॅझोलच्या जोडीने दिलं तर आणखी चांगलं.

बर्बेरिनचा विषय निघालाच आहे तर एक अवांतर सांगते, हे बॅक्टेरियाचं आहे पण मला फार आवडतं. बर्बेरिन एकटं स्टॅफिलोकॉकसवर फारसं चालत नाही कारण तो पंप करून ते बाहेर फेकतो. २००० मध्ये असं दाखवलं गेलं की बर्बेरिस जातीच्या झाडांत बर्बेरिनबरोबर आणखी एक पदार्थ असतो, ५′-मेथॉक्सिहिडनोकार्पिन, जो स्वतः जंतू मारत नाही पण तो पंप बंद पाडतो. दोघं मिळून काम होतं. म्हणूनच कधीकधी अर्क चालतो आणि त्यातून शुद्ध केलेला एकेक पदार्थ चालत नाही, आणि रिसर्च करणारा बिचारा पदार्थ वेगळे करायला कॉलममागून कॉलम चालवत बसतो.

आणि झाड हे सगळं बनवतं कशाला? आपल्यासाठी तर नक्कीच नाही. वनस्पतींचे बहुतेक रोग बुरशीमुळेच होतात, त्यामुळे बुरशीशी झाडांचं वैर कोट्यवधी वर्षांचं. ओटच्या मुळांच्या बाहेरच्या थरात ॲव्हेनॅसिन नावाचं सॅपोनिन (साबणासारखं फेसाळणारं द्रव्य) असतं, अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात धरलं तर मुळं निळसर चमकतात, इतकं नेमक्या जागी भरून ठेवलेलं. गव्हाची मुळं कुजवणारी टेक-ऑल बुरशी ओटला काही करू शकत नाही. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी हे ॲव्हेनॅसिन न बनवणारे म्युटंट ओट शोधून काढले, आणि त्यांच्यावर ती बुरशी आरामात चढली. दुसऱ्या बाजूने, त्याच बुरशीचा एक प्रकार ओटलाही लागतो, कारण त्याच्याकडे ॲव्हेनॅसिन तोडणारं एन्झाइम आहे, आणि ते एन्झाइम बंद पाडलं की त्यालाही ओट पचत नाही. मला विचाराल तर झाडातलं द्रव्य खरोखर बुरशी रोखतं याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो, आणि त्यात कुठे डीपीपीएच नाही की फोलिन नाही.

यातून अर्क काढणाऱ्याने घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. झाड बरीच हत्यारं तयार अवस्थेत ठेवत नाही, कारण ती त्यालाच बाधतील. लसणात ॲलिसिन नसतोच, ॲलिइन असतं आणि वेगळ्या कप्प्यात ॲलिइनेज एन्झाइम, पाकळी चिरडली की दोघं भेटतात आणि काही सेकंदांत ॲलिसिन बनतो. आता तुम्ही अख्ख्या पाकळ्या आधी उकळल्या तर एन्झाइम मेलं, ॲलिसिन बनणारच नाही, मग लिहा ‘लसूण निष्प्रभ’. पानं उन्हात कडकडीत वाळवली तर सुगंधी तेलं उडाली. सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावण पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढायचं उपकरण) तासन्‌तास गरम केलं तर नाजूक रेणू मोडले. पाण्यात काढलं तर टॅनिन आणि साखरा आल्या, हेक्झेनमध्ये काढलं तर मेणं आणि चरबी. ‘कडुनिंबाचा अर्क’ असं काही एक नसतंच, प्रत्येक द्रावणाने काढलेला कडुनिंब वेगळा. त्यातही मोसम बदलला, झाडाचं वय बदललं की अर्क बदलतो. म्हणून नमुन्याचं वाळवलेलं स्पेसिमेन हर्बेरियममध्ये जमा करून नंबर लिहायचा असतो, पण ते कंटाळवाणं काम असल्यामुळे राहून जातं.

टॅनिनबद्दल एवढंच की ते दिसेल त्या प्रोटीनला चिकटतं. टॅनिनवाला अर्क बुरशी थांबवतो, एन्झाइम थांबवतो, व्हायरस थांबवतो, सगळंच थांबवतो, अशा सर्वगुणसंपन्न अर्कावर मी आधी संशय घेते. तसंच कर्क्युमिन, हळदीतलं. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्यावर सविस्तर लेख लिहून दाखवलं की ते पाण्यात अस्थिर आहे, स्वतः चमकतं, टेस्टना फसवतं आणि शोषलं तर जवळजवळ जातच नाही. आणि सॅपोनिनवाले अर्क बुरशीबरोबर आपल्या लाल पेशीही फोडतात, त्यामुळे एमआयसीच्या शेजारी माणसाच्या पेशींवरचा विषारीपणाचा आकडा नसेल तर अँटिफंगलचा आकडा अर्धाच आहे असं समजायचं.

एवढं वाचून मी या कामाच्या विरोधात आहे असं वाटेल, तसं नाही. वरून लावायच्या गोष्टींत झाडांनी करून दाखवलंय. टी ट्री ऑइलची ऑस्ट्रेलियात पायाच्या बोटांमधल्या नायट्यावर ट्रायल झाली होती, २००२ मधली, ५० टक्के तेलाच्या गटात ६४ टक्के लोकांची बुरशी गेली, नुसतं द्रावण लावणाऱ्यांत ३१ टक्के. काही जणांच्या कातडीला मात्र चांगलीच आग झाली, नैसर्गिक असलं तरी. (आणि हो, कुणी हे वाचून कानात किंवा डोळ्याजवळ काही घालू नका, आणि नायटा पसरत असेल तर डॉक्टरकडे जा.) त्वचेवर तुम्ही हवं तेवढं दाट लावू शकता, शोषण, लिव्हर वगैरे भानगड नाही, म्हणून तिथे जमतं आणि गोळीत जमत नाही.

आणि अँटिऑक्सिडंट-अँटिफंगल ही जोडी जिथे खरंच जुळते अशी एक जागा आहे, ती म्हणजे साठवलेलं धान्य. ॲस्परजिलस फ्लेव्हस तिथे वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. या बुरशीवर ऑक्सिडेटिव्ह ताण आला की ती जास्त विष बनवते, आणि कॅफेइक ॲसिडसारखं वनस्पतींमधलं अँटिऑक्सिडंट दिलं की विष बनवणं जवळपास थांबतं, आणि गंमत म्हणजे बुरशीची वाढ फारशी कमी होत नाही. म्हणजे प्लेटवर झोन येणार नाही, एमआयसी येणार नाही, दोन्ही टेस्टमध्ये हा पदार्थ ‘अँटिफंगल नाही’ म्हणून बाद होईल. अशा अर्काची प्लेट बुरशीने भरलेली दिसली तरी फेकून देऊ नये, अगारचे तुकडे कापून क्लोरोफॉर्ममध्ये टाकावे, टीएलसीवर (द्रव्यं वेगवेगळ्या ठिपक्यांत पाडणाऱ्या पातळ थराच्या प्लेटवर) चढवावे आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली अफ्लाटॉक्सिन बी१चा निळा ठिपका आहे का नाही ते बघावं. कंट्रोल प्लेटमध्ये तो ठसठशीत दिसतो आणि अर्काच्या प्लेटमध्ये नसतो, असं झालं तर तो पेपर मला आधी पाठवा.